नदीतील मत्स्यसंपत्तीचे संधारण : कायदे व धोरणे

नदी, तिच्या उपनद्या व ओढे, पूरमैदाने आणि बंधाऱ्यांमागे साठणारे पाणी यांतील माशांची संख्या व जातिवैविध्य टिकून राहील अशा बेताने मासेमारीचे नियमन करणे, तसेच माशांना लागणारे पाणी, त्याची शुद्धता व त्यांच्या स्थलांतराचे मार्ग सुरक्षित राखणे, यांस नदीतील मत्स्यसंपत्तीचे संधारण म्हणतात. मासे ही पुनरुत्पादनक्षम संपत्ती आहे. दरवर्षी जन्मून वाढणाऱ्या माशांइतकेच मासे पकडले, तर मूळ साठा कायम राहतो. त्याहून अधिक पकडले, अथवा प्रजननातच अडथळा आला, तर साठा घटत जातो. नदीच्या बाबतीत मासेमारीइतकाच किंबहुना तीहून अधिक परिणाम धरणे, पाण्याचा उपसा व सांडपाणी यांचा होतो. म्हणून या विषयाचे कायदे केवळ मत्स्यविषयक अधिनियमांत सापडत नाहीत. ते महसूल, सहकार, जलप्रदूषण, जलवाटप व वन्य जीव अशा अनेक क्षेत्रांत विखुरलेले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा खोरे हे या गुंतागुंतीचे बोलके उदाहरण होय.

जैविक आधार : दख्खनच्या नद्यांतील पुष्कळ जातींच्या माशांचे प्रजनन पावसाळ्याशी निगडित असते. जूनमध्ये पहिले पूर येताच अंडी धरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वरच्या ओढ्यांकडे व पाणी पसरलेल्या उथळ भागांकडे जातात. सह्याद्रीलगतच्या गावांत यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. अंडी घालून झाल्यावर मोठे मासे मुख्य पात्रात परततात व पिले उथळ पाण्यात वाढतात. याच सुमारास मासे अरुंद जागी दाटीने सापडत असल्याने त्यांना पकडणे सर्वांत सोपे, पण साठ्याच्या दृष्टीने सर्वांत हानिकारक असते. एक गाभोळी मादी पकडली गेली, तर हजारो अंडी नष्ट होतात. उन्हाळ्यात प्रवाह आटल्यावर मासे डोहांच्या आश्रयाला जातात. डोह हे पुढील वर्षाच्या पैदाशीचे बियाणेच होय. मत्स्यसंधारणाचे बहुतेक नियम या तीन गोष्टींभोवती गुंफलेले आहेत : चढणीचा काळ, पिलांची वाढ व डोहांचे रक्षण.

इतिहास : मासेमारीवरील निर्बंधांची कल्पना भारतात प्राचीन आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केलेली आढळते. कौटिलीय अर्थशास्त्रात मच्छीमारांनी नौकाभाडे म्हणून मिळालेल्या माशांचा सहावा हिस्सा राजास द्यावा, असे म्हटले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य व गळाने मासे पकडण्याची रीत यांचे वर्णन आहे. यूरोपात १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत टेम्स व मेडवे या नद्यांतील मासे अडविणारे बांध काढून टाकावेत, असे कलम होते. मासे अडविणारा बांध हा सार्वजनिक हितास बाधक असतो, ही त्यामागील कल्पना पुढील अनेक कायद्यांत दिसते.

धार्मिक श्रद्धेतूनही मत्स्यसंधारण झाले आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड व पालघर जिल्ह्यात वाडे तालुक्यात वैतरणा नदीवरील तिळसे येथील डोहांतील मासे देवाचे मानले जातात व ते कोणी पकडत नाही. कोणत्याही शासकीय आदेशाशिवाय महसीर मासे या डोहांत टिकून राहिले, हे लक्षणीय आहे.

दख्खनमधील माशांचा शास्त्रीय अभ्यास कर्नल डब्ल्यू. एच्. साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला. महसीराची दख्खनी जात (खडस) त्यांनीच प्रथम वर्णिली. हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील माशांविषयीचा फ्रान्सिस डे यांचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक आसांची जाळी, प्रवाहात रोवलेले सापळे व पाटबंधाऱ्यांचे बांध यांमुळे माशांची हानी होत असल्याचे त्यांनी दाखवून दिले व जाळ्याच्या आसाचे किमान माप ठरविण्याची शिफारस केली. अशा विचारमंथनानंतर १८९७ चा चौथा अधिनियम म्हणजे भारतीय मत्स्य अधिनियम संमत झाला.

मूलभूत अधिनियम : १८९७ च्या अधिनियमाने पाण्यात सुरुंगाच्या दारूसारखे स्फोटक द्रव्य वापरून अथवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. दोन्ही गुन्ह्यांना दोन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. निवडक जलक्षेत्रांसाठी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक शासनांना देण्यात आला. प्रवाहात कायम रोवलेली मासे पकडण्याची साधने, बांध घालणे, जाळ्यांचा प्रकार व आसांचे माप यांचे नियमन त्यात येते. एखाद्या जलक्षेत्रात जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत सर्व मासेमारी बंद ठेवण्याचीही तरतूद होती. अधिनियमाचा दृष्टिकोन मुख्यतः मासे पकडणाऱ्याच्या वर्तनाकडे पाहणारा आहे. कारखान्याचे सांडपाणी किंवा धरणामुळे आटलेला प्रवाह हे प्रश्न त्या काळी या कायद्याच्या चौकटीत नव्हते.

कोल्हापूर हे त्या वेळी संस्थान असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानसाठी केलेले अधिनियम तेथे आपोआप लागू होत नसत. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ते राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांखाली आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्यापुरता महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० करण्यात आला.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय २१ व्या नोंदीत आहे. केंद्राकडे केवळ प्रादेशिक सागरी सीमेपलीकडील मासेमारी आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांतही मत्स्यव्यवसायाचा समावेश आहे. समुद्रातील मासेमारीसाठी महाराष्ट्रात १९८१ चा वेगळा अधिनियम असून त्याखालील पावसाळी बंदी पुष्कळांस परिचित आहे. ती बंदी नदीला लागू नाही. किनाऱ्यावर नौका विसावलेल्या असताना घाटमाथ्यालगतच्या ओढ्यांत मात्र चढणीच्या माशांची शिकार चालू असते.

मासेमारीचा हक्क व सहकार : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले व तलाव यांची पात्रे आणि त्यांतील वाहते व साठलेले पाणी, कोणाचा स्वतंत्र हक्क सिद्ध झाला नसेल तेथवर, राज्य शासनाच्या मालकीचे आहे. त्यामुळे मासेमारीचा हक्क शासन ठेक्याने किंवा परवान्याने देऊ शकते. वंशपरंपरेने नदीवर जगणाऱ्या भोई, कोळी इ. समाजांची वहिवाट जुनी असली, तरी मालकीहक्क म्हणून तिला कायद्यात स्थान मिळाले नाही. ठेक्याचा लिलाव झाल्यास भांडवलदार ठेकेदार पुढे येतो व मूळ मच्छीमार मजूर बनतो, असा अनुभव असल्याने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. तलाव व जलाशय ठेक्याने देण्याच्या धोरणात २०१७ व २०१९ मध्ये शासन निर्णयांद्वारे सुधारणा करण्यात आल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा भर कर्ज, वीज, विमा इ. सवलतींवर आहे.

ठेक्याच्या मुदतीचा संधारणाशी निकटचा संबंध आहे. अल्पमुदतीचा ठेकेदार पुढील वर्षाची फिकीर करीत नाही. दीर्घ मुदतीची हमी असलेली संस्था मात्र लहान मासे पाण्यात सोडून देते, कारण ते वाढल्यावर तिलाच मिळणार असतात. पुणे जिल्ह्यातील डिंभे जलाशयावर विस्थापित आदिवासींनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने मासेमारीची सहकारी व्यवस्था उभारली. या संस्थेच्या कार्यास २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विस्थापित आदिवासींना दिलेले ३०५ मासेमारी परवाने अटी घालून मान्य केले. उपजीविका व वन्य जीवरक्षण यांत समतोल साधण्याचा तो प्रयत्न होता.

पंचगंगा खोरे : कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक नद्या कृष्णेच्या खोऱ्यातील आहेत. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा बनते. परंपरेने गुप्त सरस्वती ही पाचवी नदी मानली जाते. प्रयाग चिखली येथून कोल्हापूर शहराजवळून व इचलकरंजीवरून वाहत जाऊन ती नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेस मिळते. वारणा, दूधगंगा, वेदगंगा व हिरण्यकेशी या जिल्ह्यातील इतर महत्त्वाच्या नद्या होत. जिल्ह्यातील माशांची शास्त्रीय यादी अ. गो. कलावर व चि. ना. केळकर यांच्या नावे मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील अभ्यासांना तुलनेसाठी ती पायाभूत ठरली. खडस, मरळ, वाम, शिवडा, शिंगटा हे येथील परिचित नदीमासे होत.

शाहू महाराजांच्या कारकीर्दीत भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पुढे तुळशी, दूधगंगा, वारणा इ. नद्यांवरही धरणे झाली. त्यांहून वैशिष्ट्यपूर्ण आहेत ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पावसाळ्यानंतर पाणी अडवायचे व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून पूर वाहू द्यायचा, अशी ही रचना आहे. कायम भिंतीच्या बांधाच्या तुलनेत माशांच्या दृष्टीने ती अधिक सोयीची आहे, कारण ऐन चढणीच्या काळात नदी मोकळी असते. तथापि बरगे वेळेवर निघाले, तरच हा लाभ मिळतो. पहिला पूर आला तेव्हा बरगे जागेवरच असतील, तर मासे बंधाऱ्याखाली दाटतात व जाळ्यांना बळी पडतात. बरगे काढण्याची तारीख पाटबंधाऱ्यांच्या सोयीने ठरते. तीत मत्स्यप्रजननाचाही विचार होणे हे खर्चाविना साधणारे संधारण होय. कृष्णेच्या पुढील प्रवाहावर कर्नाटकात अलमट्टी धरण असल्याने खालच्या खोऱ्यातून वर येणाऱ्या माशांचा मार्ग मात्र कायमचा खुंटला आहे. गंगेवरील फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाल्यावर वरच्या प्रवाहातील हिलसा माशांची मासेमारी अशीच कोसळली.

प्रदूषण व कायदा : पंचगंगेतील माशांवरील सर्वांत मोठे संकट सांडपाण्याचे आहे. कोल्हापूर शहरातील जयंती व दुधाळी नाल्यांचे पाणी, इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी, साखर कारखाने व आसवन्या यांचे मळीयुक्त पाणी आणि नदीकाठच्या गावांचा मैला यांचा भार नदीवर पडतो. सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरला जातो. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो व प्रवाहही मंद असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार मत्स्यजीवनास योग्य पाण्यात दर लिटरमागे किमान ४ मिग्रॅ. विरघळलेला ऑक्सिजन असावा, मुक्त अमोनिया १·२ मिग्रॅ. पेक्षा अधिक नसावा व पीएच मूल्य ६·५ ते ८·५ असावे. ऑक्सिजन या मर्यादेखाली फार घसरला, की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात व शेवटी मरतात. बंधाऱ्यामागे कुजत राहिलेले पाणी बरगे काढताच एकदम खाली लोटते, तेव्हा खालच्या टप्प्यातील मासे मोठ्या संख्येने मरतात. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याच्या परिसरात अशा घटना वारंवार घडल्या आहेत. मेलेल्या माशांचे ढीग ही केवळ दृश्य हानी होय. त्यांबरोबर पुढील हंगामाची पैदास आणि मच्छीमार कुटुंबांचे त्या वर्षाचे उत्पन्नही जाते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ मध्येच केला होता. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा राज्यात १९८१ पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार प्रवाहात विषारी अथवा प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई आहे. सांडपाणी सोडण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. १९८८ च्या दुरुस्तीने उद्योग बंद करण्याचे किंवा त्यांचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार मंडळास मिळाला. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० यांनी उपायांत भर घातली. पंचगंगेच्या प्रदूषणाविषयी मुंबई उच्च न्यायालयातही लोकहितयाचिका दाखल झाल्या.

या तरतुदींतील मुख्य उणीव अंमलबजावणीच्या पातळीवर आहे. मासे मेल्यावर पाण्याचा नमुना घेईपर्यंत प्रदूषित लोट पुढे निघून गेलेला असतो. एकाच टप्प्यात अनेक उगमांचे पाणी मिसळत असल्याने दोष नेमका कोणाचा, हे सिद्ध करणे अवघड होते. सांडपाणी सोडणाऱ्यांत नागरी संस्थाही असतात व त्यांना कारखान्याप्रमाणे बंद करता येत नाही. नदीकाठी प्रदूषणकारी उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये जाहीर झाले. २००९ मध्ये ते सुधारण्यात आले व फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द करण्यात आले.

पाण्याचा वाटा : कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ मध्ये अंतिम केलेल्या निवाड्यात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. वाटणीचा विचार मुख्यतः सिंचन, वीज व पिण्याचे पाणी यांच्या गरजांनुसार होता. दुसऱ्या लवादाने २०१० च्या निवाड्यात नदीतील किमान प्रवाहासाठी काही पाणी राखून ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील आदेशामुळे त्याची राजपत्रातील प्रसिद्धी थांबली. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही परिसंस्थेच्या गरजांसाठी प्रवाहाचा काही भाग राखावा, असे म्हटले आहे. नीती ही कायदा नसल्याने तिच्या आधारे न्यायालयात हक्क मागणे कठीण असते. ‘वाहून गेलेले पाणी वाया गेले’ ही समजूत नाहीशी झाल्यावाचून माशांसाठी पाणी राखणे लोकांस पटणे अवघड आहे.

मत्स्यबीज व परक्या जाती : १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे कटला, रोहू व मृगळ यांचे बीज विपुल मिळू लागले व जलाशयांत ते सोडण्यात येऊ लागले. उत्पादन वाढले, पण मूळच्या जातींचे रक्षण त्याने होतेच असे नाही. तिलापिया (चिलापी) व सायप्रिनस हे परदेशी मासे अन्न व जागेसाठी स्थानिक माशांशी स्पर्धा करतात. आफ्रिकी मांगूर अत्यंत खादाड असल्याने त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० मध्ये बंदी घातली. महापुरात शेततळ्यांतील असे मासे नदीत येण्याचा धोका असतो. कोल्हापूर जिल्ह्यात २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वदेशी मासाही स्थलांतरित केल्यास उपद्रवी ठरू शकतो. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटा कंपनीच्या केंद्रात खडस माशाचे बीज तयार होऊ लागले. ते इतर प्रांतांतही पाठविण्यात आले. कावेरीत हा मासा फैलावल्यावर तेथील मूळ महसीराची जात अत्यंत धोक्यात आली. म्हणून ज्या खोऱ्याचे बीज, त्याच खोऱ्यात सोडावे, हा नियम महत्त्वाचा मानला जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नद्यांत मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमाचा समावेश आहे. त्याचे यश बीजाच्या संख्येवर नव्हे, तर त्या पाण्यात बीज जगते की नाही यावर अवलंबून राहील.

संरक्षित क्षेत्रे : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत २००२ च्या दुरुस्तीने ‘प्राणी’ या संज्ञेत माशांचा स्पष्ट समावेश झाला. राधानगरी अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांमुळे भोगावती व वारणा यांच्या उगमाकडील जलक्षेत्रांस काही प्रमाणात आश्रय लाभतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात आढळलेल्या एका लहान माशाचे नवी जाती म्हणून २०२० मध्ये वर्णन झाले व नदीवरूनच त्यास नाव मिळाले. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली २०२१ मध्ये हे स्थळ जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. एखादा डोह किंवा उगम कायद्याने राखण्याचा हा मार्ग इतरत्रही अवलंबिता येण्याजोगा आहे.

मूल्यमापन : अन्न व कृषी संघटनेच्या १९९५ च्या जबाबदार मत्स्यव्यवसायविषयक आचारसंहितेत साठ्याचे रक्षण ही मासेमारी करणाऱ्यांची व शासनांची संयुक्त जबाबदारी मानली आहे. महाराष्ट्रात कायद्यांची वाण नाही, त्यांच्यातील दुवे मात्र तुटलेले आहेत. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडे, पाणी व बंधारे जलसंपदा विभागाकडे, पाण्याची शुद्धता प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, तर सांडपाणी नगरपालिका व ग्रामपंचायतींकडे आहे. नदीतील माशांची नियमित गणना व मत्स्यहानीची भरपाई ठरविण्याची निश्चित रीत यांवाचून हानी मोजता येत नाही व जे मोजता येत नाही, त्याचा दावा मांडता येत नाही. नियम मोडणारा गरीब मच्छीमार सहज सापडतो आणि नदी नासविणारा सापडत नाही, अशी स्थिती राहिल्यास नियमांविषयीचा आदरही उरत नाही. चढणीच्या काळात मासेमारी बंद, डोहांचे रक्षण, जाळ्याच्या आसाचे किमान माप, बरगे काढण्याचे ठरलेले वेळापत्रक आणि किमान प्रवाह या पाच गोष्टी खोरेनिहाय एकत्र ठरविणे व त्यांच्या देखरेखीत मच्छीमार संस्थांना अधिकाराचे स्थान देणे, ही या धोरणाची पुढील दिशा होय. बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांच्या निर्वाहाची तरतूद हा तिचा अविभाज्य भाग आहे. नदीतील मासे हे पाण्याच्या आरोग्याचे सर्वांत विश्वासार्ह निदर्शक आहेत. ज्या पाण्यात ते जगू शकत नाहीत, ते पाणी काठावरच्या माणसांनाही निर्धोक राहत नाही.